दह्याच्या झाकणावरचा पिवळा अंगठा

अण्णा, आधीच सांगून ठेवतो, डीप फ्रीजचं झाकण मी उघडलेलं न्हाय. अक्कांनी, तुमच्या कारभारणीनं, उघडलं. मी बाजूला हात मागं बांधून उभा होतो. तुमचा नियम अजून डोक्यात हाय: काय पायजे ते आधी बोल, मग उघड. अक्का काय बोलल्याच न्हाईत. नुस्तं उघडलं आणि तशाच बघत राहिल्या. गरम हवा सगळी आत चाललेली. मला वाटलं, आता मागनं तुमचा आवाज येणार, "अगं, वरात बघायलीयास व्हय? बंद कर." आला न्हाय.

आत तुमचा बर्फ होता. सहा चौकोनी डबे. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर तुमच्या अक्षरात वार. सोम, सोम, मंगळ, मंगळ, बुध, बुध. शनिवारी आपण दाजीपूरकडं निघणार होतो, म्हणून तुम्ही सोमवारपासनं रोज दोन डबे लावत आलतासा. गुरुवारचे दोन डबे धुऊन ओट्यावर पालथे होते. ते भरायच्या आधीच, अंघोळ करून देवळाला म्हणून निघालासा आणि दारातल्या पायरीवर बसलासा. बसलासा ते बसलासाच.

"ह्याचं काय करू रं?" अक्का म्हणाल्या. "भाजी ठिवायला जागा न्हाय. आणि ओतून टाकायला हात होत न्हाय."

मी म्हटलं, बघतो. आणि जिना चढून माडीवर जाऊन बसलो. बघायचं काय त्यात, बर्फच तो. पण त्या बर्फाशी माझं एक जुनं भांडण हाय अण्णा, आणि त्या भांडणात मी एक लबाडी केलेली. दीड वर्ष झालं, ती मी तुम्हाला सांगितली न्हाय. रोज सकाळी तुमच्या दारावरनं कामाला जायचो, रोज वाटायचं आज सांगावं, आणि रोज कुणाचीतरी नक्कल करून तुम्हाला हसवून पुढं सटकायचो. तुम्हाला ती कळलेली का न्हाय, एवढंच मला पायजे होतं. आता विचारू कुणाला.

तुमची माझी ओळखच वासातनं झाली. मी गावाकडनं शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला लागलो, तुमच्या माडीवर भाड्यानं ऱ्हायला आलो, आणि दुसऱ्याच महिन्यात दिल्याबरोबर गगनबावड्याला तंबू टाकायला गेलो. दिल्या म्हंजे आमच्या शॉपमधला, माझ्या शेजारच्या मशीनवरचा. बरोबर थर्माकोलचा डबा, त्यात दोन किलो मटण, वरनं दुकानातनं आणलेला बर्फाचा चुरा. दुपारी बघितलं तर बर्फ न्हाय, आणि संध्याकाळी बघितलं तर बघवेना. मटण तिकडंच पुरलं, पण डबा इमानदारीत परत आणून गच्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही जिना चढून वर आलासा. नाकाला रुमाल. मी नवीन भाडेकरू, तुम्ही मालक, जैन माणूस. मला वाटलं, आज माझं सामान रस्त्यावर.

"पावणं," म्हणालासा, "डब्यात काय गेलंय?"

"मटण, अण्णा. चुकलं."

"मटणाचं मी विचारत न्हाय. बर्फ कसा लावलतासा?"

मी सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि रुमालातनंच म्हणालासा, "चुरा? चुरा काय उसाच्या रसात घालायचा हाय व्हय?"

तीसेक वर्षं दुधाच्या शीतकरण केंद्रात काढलेला माणूस. मला मग दोन तास थंडीवर भाषण दिलासा, आणि डबा मी तुमच्यासमोर तीन वेळा धुतला. पुढच्या खेपेला तुम्ही स्वतःच बरोबर आलासा. वय बासष्ट, कानटोपी, बगलेत लाल पेटी. मी म्हटलं, "भारी हाय अण्णा कूलर." तर म्हणालासा, "कूलर खिडकीत असतोय. ही पेटी."

त्या दिवसापासनं आम्ही तुमच्या शाळेत. बर्फ मोठा पायजे, एकसंध, चार दिवस आधीपासनं गोठवलेला. पेटी आदल्या दिवशी गार पाण्याच्या बाटल्या भरून गार करून घ्यायची, "तापलेल्या पेटीत बर्फ घालायचा म्हंजे पहिला बर्फ पेटीनंच खायचा." पेटीवर ओलं पोतं. सावली सरकली की पेटी सरकली पायजे. झाकण दिवसात तीनदाच उघडायचं, आणि उघडायच्या आधी काय पायजे ते मोठ्यानं बोलायचं. दिल्या एकदा नुस्तं "बघतो काय काय हाय" म्हणून गेला, तर तुम्ही झाकणावर बसलासा. उठेनासा. "काय काय हाय ते मी सांगतो. उजव्या हाताला दही, डाव्या कोपऱ्यात लोणी, मधी काकड्या. बोल, काय देऊ?" दिल्या म्हणाला, "काय नको अण्णा, दर्शन झालं."

आणि ते तुमचं वाक्य. "थंडी अशी काय वस्तूच न्हाय नकल्या. गरमी आत जाती, एवढंच. आपण दारात उभं ऱ्हाऊन तिला अडवायचं." नकल्या हे नाव तुम्हीच ठेवलं. घरचं नाव आता आईशिवाय कुणी घेत न्हाय.

गंमत म्हंजे, आयुष्यभर बर्फ केला आणि एक तुकडा कधी तोंडात घातला न्हाय तुम्ही. तुमच्यात बर्फ खात न्हाईत, हे मला तवा पहिल्यांदा कळलं. म्हणून तुमच्या पेटीत सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, बर्फाच्या पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. पाणी फडक्यातनं गाळून प्यायचासा. सूर्य डोंगरावर दोन हात असताना जेवून घ्यायचासा. आणि परत निघताना पेटीतलं गार पाणी तसंच मातीवर ओतायचं न्हाय. पेटी उन्हात उघडी ठेवायची, पाणी साधं होऊ द्यायचं, आणि मग सावकाश ओतायचं. पहिल्यांदा मी विचारलं, हे कशाला? म्हणालासा, "खाली मुंग्या असतात. हीव भरंल त्यांना." दिल्या गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून दमला, तुम्ही बोट बुडवून बघत बसलासा.

मी त्याची नक्कल लई वेळा केली. शॉपमध्ये सगळ्यांना मुंग्यांचं हीव माहीत झालतं. तुमच्यासमोर पण करायचो. तुम्ही हसायचासा आणि म्हणायचासा, "बोट असं न्हाय बुडवत मी. करंगळी बुडवतो. नीट कर."

अंगठा भाजला तवाचं आठवतंय का? फौंड्रीतनं, म्हंजे आमच्या ओतकामाच्या शॉपमधनं, भर दुपारी तसाच घरी आलो, उजवा अंगठा मधोमध भाजलेला, फोड आलता. मी सरळ तुमच्या डीप फ्रीजकडं धावलो बर्फ घ्यायला, आणि तुम्ही माझं मनगट धरलं. "भाजल्यावर बर्फ लावायचा न्हाय. साधं गार पाणी." परसातल्या नळाखाली माझा हात धरून उभं राहिलासा. वीस मिनिटं. स्वतःचा सदरा कोपरापर्यंत भिजला. मी वळवळ करायला लागलो की म्हणायचासा, "नक्कल कर कुणाचीतरी." मी रडत रडत एसटीचा कंडक्टर केला, आमचा गावचा हेडमास्तर केला, कुकरची शिट्टी केली. शिट्टीला अक्का आतनं धावत आल्या, गॅस बंद करायला. मग डॉक्टरकडं तुम्हीच घेऊन गेलासा. अंगठा वाचला. मधोमध एक खाच तेवढी राहिली, तिथं ठसाच उमटत न्हाय. आधारच्या मशीनवर बोट लावताना अजून तिथली बाई वैतागती.

हा अंगठा ध्यानात ठेवा अण्णा. पुढं लागणार हाय.

आता भांडणाचं. तुमचं म्हणणं, बर्फ विरघळून पेटीत पाणी साठलं तरी ते काढायचं न्हाय. माझं म्हणणं, काढायचं. एवढंच भांडण. पण दोन वर्षं पुरलं.

"पाणी गार हाय का न्हाय?" तुम्ही.

"गार हाय."

"मग गार माणसाला घरातनं का हाकलायलायस? ते गेलं की त्याच्या जागेवर कोण येणार?"

"कोण?"

"वारं. बाहेरचं, तापलेलं. तुझ्या फौंड्रीतनं आल्यासारखं."

"पण अण्णा, पाण्यात बर्फ लवकर विरघळतोय. वाटीत घालून बघा की."

"वाटी उघडी असती मर्दा. पेटीला झाकण असतंय."

अक्का म्हणायच्या, दोघांना दुसरा धंदा न्हाय. शेवटी पैज लागली. दोन पेट्या सारख्या. एक तुमची लाल, एक दिल्याच्या दाजीची. बर्फ तुमचाच, निम्मा निम्मा. तुम्ही पाणी ठेवणार, मी काढणार. रविवारी संध्याकाळी बघायचं, ज्याचा बर्फ कमी त्यानं सगळी भांडी घासायची. सोमवारची सुट्टी जोडून आपण गेलो, दाजीपूरच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी दिल्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान हाय तिथं. माझ्या पेटीत हळद-मीठ लावलेलं मटण, रविवारी संध्याकाळी शिजवायचं. मी फुशारकीत सांगितलेलं, दोन दिवस टिकवून दाखवतो.

शनिवारभर मी तासाला पाणी काढत होतो. आणि पाणी काढलं की बर्फ किती राहिला ते बघायला झाकण उघडत होतो. तुम्ही लांबनं बघत होतासा. मला वाटलं, घाबरले.

रविवारी दुपारी तुम्ही आणि दिल्या पाणी आणायला गेलासा. मी एकटा. झाकण उघडलं तर आत बर्फ न्हाय. चिमणीला प्यायला पुरंल एवढं पाणी, आणि मटणाची पिशवी हाताला गार लागेना. 

आता सांगतो, अण्णा. मी तुमची पेटी उघडली. काय पायजे ते न बोलता. आत तुमची बर्फाची वीट उशीएवढी, पाण्यात गप पडलेली. दह्याचा डबा उचलून बाजूला केला आणि त्याच्या मागं, तळाला, मी माझी मटणाची पिशवी दडवली. वरनं तुमच्याच विटेचा एक कोपरा दगडानं फोडला आणि माझ्या पेटीत टाकला.

मटण वाचवायचं होतं, हे खरं. पण खरं खरं सांगायचं तर ते निम्मंच. निम्मं, मला हरायचं नव्हतं. मटणासाठी केलं असतं तर तुम्हाला नंतर सांगता आलं असतं. पैजेसाठी केलं म्हणून सांगता आलं न्हाय.

तुम्ही आलासा. सूर्य दोन हातांवर आला, तशी तुमची जेवायची वेळ झाली. "दही," असं मोठ्यानं म्हणालासा आणि पेटीकडं निघालासा. मी लगेच कंडक्टर सुरू केला, "ओ पावणं, मागं सरका की, मागं काय इहीर हाय व्हय? ओ मावशी, कोंबडीचं अर्धं तिकीट काढा." दिल्या हसायला लागला. तुम्ही झाकण उघडलं.

तुम्ही झाकण उघडलं की मी नेहमी मनात मोजायचो. तीनच्या वर कधी गेलं न्हाय. त्या दिवशी मी अकरापर्यंत मोजलं.

मग झाकण लावलं. हात रिकामाच. "आज दही नको वाटतंय," म्हणालासा. नुस्ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलासा. कोरडा घास, मधी मधी पाणी. आणि खाता खाता म्हणालासा, "कंडक्टरचा आवाज आज बारीक आला रं नकल्या. गाडीत माणसं कमी हाईत का?"

जेवून तुम्ही जपाला गेलासा. रोज तंबूपासनं दहा पावलांवर बसायचासा. त्या दिवशी पार लांब, पाण्याच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून. मला वाटलं, नशीब. पळत जाऊन पिशवी काढली, चुलीवर चढवली. तुम्ही परत आलासा तवा दोन्ही पेट्या उघडल्या. तुमच्यात बर्फ, माझ्यात बर्फ. तुम्ही माझ्यातल्या तुकड्याकडं बघितलं. दगडानं फोडलेली कड होती त्याला, विरघळलेला बर्फ गोल असतोय, आंधळ्याला पण कळलं असतं.

"बरोबरी," म्हणालासा. "पुढच्या खेपेला परत बघू."

भांडी त्या दिवशी दिल्यानं घासली, आम्हा दोघांना शिव्या देत. आम्ही जेवताना तुम्ही नेहमीसारखं बाजूला बसलतासा, आणि विचारलं पण, "झालं का बरोबर? कच्चं न्हाय ना राहिलं?"

पुढच्या आठवड्यात तुम्ही लाल पेटी जिन्यात आणून ठेवलीसा. "ह्याचं झाकण सैल झालंय. मी नवीन निळी घेतली. ही तुम्ही वापरा, तुमच्या मटणाला बास." अण्णा, त्या पेटीचं झाकण उघडायला मला अजून गुडघा लावायला लागतोय. तवाच विचारायला पायजे होतं, सैल कुठं हाय म्हणून. मी "थँक्यू अण्णा" म्हटलं, ते पण आमच्या मॅनेजरच्या आवाजात, आणि पेटी उचलून माडीवर पळालो.

तर फ्रीज उघडला त्या दिवशी माडीवर बसून हे सगळं आठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन अक्कांना सांगून टाकलं. मटण, बर्फाचा तुकडा, पैज, सगळं. कुणाच्या आवाजात न्हाय, माझ्याच. मला माझा आवाज एवढा बारीक हाय ते माहीतच नव्हतं.

अक्का उठून आत गेल्या आणि दह्याचा डबा घेऊन आल्या. स्टीलचा डबा, वर पांढरं प्लास्टिकचं झाकण. माझ्यासमोर ठेवला.

"हे तुझंच न्हवं?"

झाकणावर पिवळा अंगठा. हळदीचा. आणि मधोमध रिकामी खाच.

"लिंबू घासून बघितलं, उन्हात ठिवलं. जाईना," अक्का म्हणाल्या. "ते म्हणाले, राहू दे. आल्या आल्या पेटी तीन पाण्यानं धुतली. दुसऱ्या दिवशी उपवास धरला. तिथी न्हाय, काय न्हाय. मी म्हटलं, कशाचा उपास? तर हे झाकण दाखवलं मला. आणि हसायलेत. म्हणे, चोरी करायची तर पोरानं हात तरी धुवायचे."

"मग मला का बोलले न्हाईत?"

"मीबी तेच म्हटलं. जावा वर आणि चार शब्द सुनवा त्याला. तर म्हणाले, त्यानं विचारलं असतं तर मला न्हाय म्हणावं लागलं असतं. त्याचं सगळं वाया गेलं असतं आणि दिल्यासमोर तोंड पडलं असतं. विचारलं न्हाय ते बरंच झालं." अक्कांनी डबा स्वतःकडं ओढून घेतला. "त्यांना राग न्हवता. मला लई आलता. महिनाभर तुला ताक दिलं न्हाय, कळलं का तुला?"

"मला वाटलं, म्हस आटली असंल."

"म्हस कशी आटंल रं? पिशवीचं दूध घेतो आम्ही."

आणि मग अक्का हसल्या. अठरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्याला लावला, मी पण खाली बघितलं. अकरापर्यंत मोजलेलं ते काय होतं, ते मला त्या पाटावर बसून कळलं. तुम्ही अंगठा बघत होतासा. नळाखाली वीस मिनिटं धरलेला अंगठा, तुम्ही ओळखणार न्हाय तर कोण ओळखणार. आणि लांब जाऊन पाठ करून बसलासा, ते मला माझी पिशवी काढायला मिळावी म्हणून. जप कसला करत होतासा त्या दिवशी, तेवढं सांगा कधीतरी. माझ्यासाठी असला तर दोन माळा जास्त लागल्या असतील.

मी म्हटलं, "अक्का, बर्फ ओतू नका. मी घेऊन जातो. पैज पुरी करतो. पण निळ्या पेटीबरोबर दुसरी पेटी पायजे, आणि माझ्याकडं लालच हाय. तिच्यात दीड वर्ष मटण होतं. त्यांचा बर्फ तिच्यात कसा घालू?"

"घासून घे आणि घाल," अक्का म्हणाल्या. "त्यांनीच दिली न्हवं ती? त्यांनी दिलेल्या पेटीला त्यांचा बर्फ चालत न्हाय व्हय? ह्या खेपेला मटण तेवढं नेऊ नका. आणि हा डबा घेऊन जा. दही लावून देतो मी."

गेल्या शनिवारी गेलो, अण्णा. मी आणि दिल्या, त्याच रानात. दोन्ही पेट्या आदल्या दिवशी गार करून घेतल्या. तीन डबे लालमध्ये, तीन निळीत: एक सोम, एक मंगळ, एक बुध, दोघांना सारखं. चिकटपट्ट्या काढून मी पाकिटात ठेवल्या. दिल्या म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा वांगं खायला एवढा डोंगर चढलो," पण वांगी स्वतः निवडून आणलेली त्यानं.

तुम्ही गेल्यापासनं पोरं मागं लागलीत, अण्णांचा आवाज काढ की. शॉपमध्ये, चहाच्या गाड्यावर. मी काढला न्हाय. घशापर्यंत यायचा, तोंडात यायचा न्हाय. आणि शनिवारी दुपारी दिल्या निळ्या पेटीकडं सरळ हात घालायला गेला, आणि माझ्या तोंडातनं गेलं, "काय पायजे ते आधी बोल, मग उघड." मी नक्कल केली न्हाय अण्णा, आईशप्पथ. ते आपोआप गेलं. दिल्या हात मागं घेऊन उभा. हळूच म्हणाला, "काकडी."

मी उजव्या हाताचं दही न हलवता डाव्या हातानं काकडी काढून दिली. तीनच्या आत.

लाल पेटीतलं पाणी मी काढत होतो, नियमानं, तासाला. झाकण मात्र उघडलं न्हाय, खालच्या तोटीतनं काढलं, म्हंजे नंतर तुम्ही म्हणायला नको की झाकणानं हरलास. निळीतलं पाणी तसंच ठेवलं. रविवारी संध्याकाळी सूर्य दोन हातांवर आला, तवा दोन्ही उघडल्या. लालमध्ये नारळाएवढा गोळा. निळीत वीट. पाण्यात गप पडलेली, कडा गोल, उशीएवढी न्हाय, पण वीट ती वीट.

तुम्ही जिंकलासा. त्या दिवशी पण तुम्हीच जिंकलतासा. आता लिहून दिलंय.

दही दोघांनी खाल्लं, सूर्य बुडायच्या आत. दात शिवशिवले एवढं गार होतं. दिल्यानं डबा पुसून खाल्ला आणि म्हणाला, "अण्णांनी त्या दिवशी हे सोडलं आपल्यासाठी?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी न्हाय. माझ्यासाठी." तो म्हणाला, "मटण मी पण खाल्लं की." त्याला मी हे सगळं जाताना गाडीत सांगितलेलं. राधानगरीपर्यंत शिव्या दिल्या त्यानं, त्या दिवशी भांडी त्यानंच घासलेली म्हणून.

सोमवारी सकाळी भांडी मी घासली. सगळी. दिल्यानं चहाचं एक भांडं उगाच दोनदा जाळून दिलं. पाण्याच्या कडेला, तुम्ही जपाला बसलतासा तिथंच, राखेनं घासली. शेवटाला दह्याचा डबा घेतला. झाकणावर राख लावली, अंगठा अंगठ्यावर ठेवला आणि घासलं. बरोबर बसला, खाचेवर खाच. गेला न्हाय. मी पण मग जास्त जोर लावला न्हाय. पुसून कोरडं केलं आणि अक्कांना परत द्यायला पिशवीत वर ठेवलं. ताक देताना त्यांना दिसत राहू दे.

निळ्या पेटीतला बर्फ तवर संपलेला. सोम, मंगळ, बुध, सगळ्याचं मिळून पाणी झालतं. दिल्यानं तंबू बांधला, लाल पेटी चढवली, गाडी वळवून तोंड रस्त्याकडं केलं. मी निळी पेटी उन्हात नेऊन झाकण उघडून ठेवली आणि शेजारी बसलो. खाली गवतात मुंग्यांची रांग चाललेली, कुणाचातरी पंख घेऊन. मी करंगळी बुडवून बघितली. करंगळीच, नीट.

हॉर्न वाजला. "ओत की मर्दा लवकर. ऊन झालं."

"थांब की," म्हटलं. "अजून गार हाय."